पर्णरंगपालट, शोभिवंत वृक्षांतील

बागेत किंवा रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या वृक्षांच्या पानांचा रंग वय, ऋतू, प्रकाश वा विकार यांमुळे पालटणे. पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पानात आधीपासूनच असतात व हरितद्रव्य विघटित झाले की दिसू लागतात. तांबडी-जांभळी अँथोसायनिन रंगद्रव्ये मात्र बहुधा त्या वेळी नव्याने बनतात.

मुंबईत थंडी नाममात्र असल्याने हिवाळ्यातील रंगपालटात कोरड्या हवेचा व ओसरत्या ओलीचा वाटा अधिक असावा. देशी बदाम साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारीत लालभडक होतो. तामणाची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. सीताअशोक, नागकेशर, कुसुम, आंबा यांची कोवळी पालवीच तांबडी असते. या तांबड्या रंगाच्या प्रयोजनाबद्दल मतभेद आहेत. कोली व एड (१९८९) या संशोधकांनी पालवीत तो बुरशीला प्रतिबंध करीत असावा, असे सुचविले. हॅमिल्टन व ब्राउन (२००१) यांच्या मते शरदातील भडक रंग हा किडींना इशारा असतो. मात्र त्यांचे विवेचन समशीतोष्ण वृक्षांपुरते आहे. लाल रंगाने अपक्व पेशींचे प्रखर प्रकाशापासून रक्षण होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सावलीत वाढणाऱ्या जातींच्या लाल पालवीचा उलगडा मात्र त्याने पुरता होत नाही.

अवेळी पिवळेपणा आल्यास तो जुन्या पानांपासून सुरू झाला की नव्या, हे प्रथम पाहावे. नत्र व मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेते, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांत दिसते. लोह तसे हलत नाही. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे त्याच्या उणिवेचे लक्षण. डेब्रिजच्या (बांधकामाच्या राडारोड्याच्या) भरावावर बाग केलेल्या सोसायट्यांत ते वारंवार आढळते, कारण सिमेंट-चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो व लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा मातीत नुसता हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचे लवण) टाकणे वाया जाते. लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग ५ ग्रॅम हिराकस विरघळवून उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावा आणि नवी पालवी येईल तशी १०-१५ दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. लोह जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए चिलेट (रेणूत बांधलेले, मुळांना मिळू शकणारे लोह) घ्यावे. ईडीटीए चिलेट अशा मातीत टिकत नाही. जुलै-ऑगस्टमधला पिवळेपणा पुष्कळदा तुंबलेल्या पाण्याने मुळे गुदमरल्याचा असतो. तेव्हा खत न देता निचरा मोकळा करावा व बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक निदान मीटरभर काढावेत. समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात.

चट्टेरी पानांच्या फायकसवर निव्वळ हिरवी फांदी फुटल्यास ती उगमापासून छाटावी. हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढून बाकीच्या फांद्यांना झाकोळते. मोठ्या वृक्षाच्या छाटणीस महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.