लोककलावस्तूंचा संग्रह (कोकण)

गावातल्या कारागिरांनी रोजच्या वापरासाठी, खेळासाठी किंवा देवकार्यासाठी घडवलेल्या जुन्या वस्तू जमवणे, त्यांची माहिती नोंदवणे आणि त्या जपणे, याला लोककलावस्तूंचा संग्रह म्हणतात. अशा वस्तूंना वाहिलेले एक मोठे संग्रहालय अमेरिकेतील सांता फे येथे १९५३ साली उघडले. अलेक्झांडर जिरार्ड या वास्तुरचनाकाराने देशोदेशींहून जमवलेल्या एक लाखाहून अधिक वस्तू पुढे त्याला दिल्या. महाराष्ट्रात हे काम दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी केले. दिवे, अडकित्ते, दारे, बाहुल्या असे जे जे त्यांनी गोळा केले, ते पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.

कोकणपट्टीत संग्राहकांचे लक्ष मुख्यतः दक्षिणेकडे, सावंतवाडी आणि कुडाळच्या परिसराकडे जाते. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखकामाची लाकडी खेळणी, पाट व चौरंग यांना पूर्वीपासून मागणी आहे. मात्र येथील खरे वैभव गंजिफा.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर पांढरा लेप देऊन दगडाने घोटायचे, मग चित्र काढून लाखेचा हात द्यायचा, अशी त्यांची कृती. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांचे गट, असतात. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. आठ रंगांच्या मोगल गंजिफांत ९६ पाने असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, वामनाच्या पानांवर कमंडलू मोजून रंगवलेले असतात. जुना संच हाती आला की आधी पाने मोजावीत. एक पान हरवले तरी डाव मांडता येत नाही. मग पेटीकडे पाहावे. पानांना साजेशी रंगवलेली मूळ पेटी सोबत असेल तर संचाचे मोल वाढते.

जर्मनीत जन्मलेले मुंबईतील कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी देशभरच्या गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही गंजिफांचा संग्रह आहे. सावंतवाडीत मात्र ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ विझली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम पुन्हा सुरू केले. कोकणातल्या कलावस्तूंसाठी कुणी इतके मोलाचे काही केले असेल, असे वाटत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चित्रकथीच्या एका आख्यानाची चित्रे मिळून पोथी होते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतो. याच धाटणीची चित्रे काही संग्रहांत ‘पैठण चित्रे’ या नावाने आहेत. पोथी फोडून सुटी पाने विकणे हा या कलेवरचा सर्वांत मोठा घाला आहे. भिंतीवर चौकटीत लावलेला एकटा रावण देखणा दिसतो, पण तो कोणत्या आख्यानातला, त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे कायमचे तुटते. म्हणून जाणता संग्राहक पोथी अखंड घेतो किंवा घेतच नाही, आणि पानांचा क्रम, घराणे, आख्यानाचे नाव लगेच टिपून ठेवतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले व वस्तू गावातच राखल्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

काही वस्तूंच्या वाटेला जाऊच नये. दसऱ्याला साड्या नेसवून बाहेर काढले जाणारे देवाचे तरंग, म्हणजे देवतेचे प्रतीक असलेले लाकडी खांब, ही गावऱ्हाटीची, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेची, ठेव आहे. दशावतारी नाटक करणाऱ्या मंडळाच्या पूजेतला पेटाराही तसाच. त्या विकत मागणे गावाला दुखावणारे आहे.

कोकणातला पावसाळा कागद आणि लाकूड दोन्हींचा वैरी. बुरशी, कसर आणि वाळवी यांपासून वस्तू वाचवायच्या तर त्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नयेत, जमिनीला व ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नयेत. उघडीप मिळाली की सावलीत वारा द्यावा. उन्हात रंग उडतात आणि लाख तडकते.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू त्यात पुरावस्तू ठरते. हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. जुन्या वस्तूंची ही बंधने नको असतील, तर सावंतवाडीच्या राजवाड्यात आजच्या कलावंतांनी रंगवलेल्या नव्या गंजिफा विकत मिळतात.