बैलाच्या तोंडावरचा ‘डाग’ पुसू नका
(जुने फोटो दुरुस्तीला आणण्याआधी वाचावे)

पोळा जवळ आला की दुकानात बैलांचे जुने फोटो यायला लागतात. पणजोबा फेटा बांधून उभे, शेजारी खिलारी जोडी, आणि एका बैलाच्या तोंडाच्या जागी नुसता धूर. “एवढा डाग तेवढा काढून द्या.” अहो, तो डाग नाही. बैलाने मान हलवली होती.

त्या वेळी गावाकडचा फोटोग्राफर भिंगावरचं झाकण काढायचा, आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. पणजोबांना “हलू नका” म्हणता यायचं, बैलाला कोण सांगणार? म्हणून रोवलेले खूर स्पष्ट येतात, माशा वारणारी शेपटी गायब होते. त्याआधी, 1850 च्या दशकात, काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे, आणि त्यात कित्येक सेकंद जात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ओबेश या पाणघोड्याचा 1852 चा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात स्वारी आडवी पडली आहे, म्हणूनच उमटली. वेल्समधल्या ल्युएलिन नावाच्या फोटोग्राफरने तर पेंढा भरलेले प्राणी रानात मांडून फोटो काढले! धावत्या घोड्याचे पाय पकडायला 1878 उजाडलं. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात 12 कॅमेरे ओळीने लावले आणि वाटेत दोरे ताणले. घोडा दोऱ्यांना लागत गेला तसे फोटो निघत गेले. तरी त्यात घोडा जवळजवळ सावलीसारखाच दिसतो. तुमच्या पणजोबांच्या फोटोग्राफरला नावं ठेवू नका.

आता आमचं दुखणं. बरेच जण घरीच ओल्या कापसाने ‘डाग’ पुसून बघतात. जुन्या फोटोतलं चित्र कागदावरच्या पातळ थरात असतं. थर अंड्याच्या पांढऱ्याचा किंवा जिलेटिनचा. जिलेटिन ओलं झालं की फुगतं आणि घासलं की चित्रासकट सुटतं. गेल्या वर्षी एका फोटोत बैलाच्या तोंडाबरोबर पणजोबांचा कानही निघून आला होता. अर्ध्या दिवसाच्या कामाला चार दिवस लागले, आणि बिल वाढलं म्हणून बोलणी आम्हीच खाल्ली.

पारख सोपी आहे. खिडकीपाशी फोटो तिरका धरा. बुरशी किंवा ओलीचा डाग वेगळा चमकतो आणि बैल, भिंत, फेटा असा भेद न करता पसरतो. हलल्याचा धूर फक्त बैलापुरता असतो.

तो धूर आम्ही थोडा गडद करून देतो, पण डोळे-नाक मनाने काढत नाही. मोबाइलवरचं ॲप काढून देतं, हे खरं. पण तो बैल तुमच्या दावणीचा नसतो. त्याच जनावराचा दुसरा फोटो असेल तर आणा, त्यावरून करू आणि मूळ प्रत वेगळी ठेवू.

रंगीत प्रत हवी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रंग विचारून या. जुन्या कॅमेऱ्यातल्या रसायन लावलेल्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबडा बैल फोटोत काळा दिसतो. हे काम आमच्याकडे हाताने होतं, म्हणून वेळ लागतो.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट आणा. नुसतं बघायचे पैसे घेत नाही. पोळ्याला भिंतीवर हवा असेल तर श्रावण लागायच्या आत द्या. बेंदूरवाल्यांनी (ज्यांच्याकडे बैलांचा सण पोळ्याआधीच येतो) त्याच्याही महिनाभर आधी.