सायकलचे रुपेरी भाग

सायकलच्या सांगाड्याला रंग दिलेला असतो. मात्र हँडल, क्रँक (पॅडल ज्यावर बसते तो दांडा), पॅडल, हब (चाकाचा मधला भाग), रिम, ब्रेक, घंटी आणि सीटखालची दांडी हे भाग जुन्या धाटणीच्या सायकलींत रंगाविना, आरशासारखे उजळलेले असत. त्यांना रुपेरी म्हणतात ते केवळ दिसण्यावरून, कारण त्यांत चांदीचा अंशही नसतो. हा उजाळा दोन अगदी निराळ्या वाटांनी येतो : एक पोलादावर चढवलेल्या निकेल-क्रोमच्या मुलाम्याने, दुसरा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला दिलेल्या झिलईने. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, लोकांच्या डोळ्यांत बसलेली सायकल पहिल्या प्रकारची आहे. हौशी संग्राहक ज्यांच्या शोधात असतात ते भाग बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असतात.

क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकात प्रचारात आला. त्याआधी सायकलचे भाग निकेलने मढवीत. निकेलची चमक किंचित पिवळसर असते व हवेने मंदावते, तर क्रोमची निळसर असते व टिकते. क्रोमचा थर मात्र फार पातळ, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशाएवढाच असतो. पोलादाचे गंजापासून खरे रक्षण त्याखालचा निकेलचा जाड थर करतो. मुलामा पोलादावरचे ओरखडे झाकत नाही, उलट उठून दाखवतो. त्यामुळे मुलाम्यापूर्वी भाग किती निगुतीने घासला होता हे त्यात पडणाऱ्या प्रतिबिंबावरून कळते : चांगल्या घंटीच्या टोपीत चेहरा स्वच्छ दिसतो, स्वस्त घंटीत तो पाण्यात पाहिल्यासारखा हलतो.

आसनसोलचा सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला निघालेला अ‍ॅटलास, १९५६ पासूनचा लुधियानाचा हीरो अशा कारखान्यांच्या सायकली खेड्यापाड्यांत पोहोचल्या, त्या इंग्लिश घडणीच्या होत्या : काळा सांगाडा, त्यावर सोनेरी रेघा, २८ इंची चाके, कॉटर पिनने (पाचरीसारख्या खिळीने) आवळलेले क्रँक आणि सळईचे ब्रेक. या सायकलीचे सौंदर्य सळईच्या ब्रेकमध्ये सर्वांत चांगले दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हँडलाखालची मूठ दाबली की उभी सळई वर उचलली जाते आणि तिच्या टोकाचा नालासारखा वाकवलेला तुकडा रबरी ठोकळ्यांसह रिमला आतल्या बाजूने भिडतो. कुठे केबल नाही, कुठे आवरण नाही. हाताचे बळ चाकापर्यंत कसे गेले हे लहान मुलालाही बघता बघता कळते. काळ्या सांगाड्यावर या रुपेरी सळया नसत्या, तर ही रचना नजरेत भरली नसती.

भुसावळची रेल्वे, वरणगावचा दारूगोळा कारखाना, अमळनेरची प्रताप मिल अशा ठिकाणी पाळीला जाणारा कामगार, तसेच दूधवाला, पोस्टमन आणि शाळामास्तर यांचे वाहन हीच सायकल होती. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत क्रोमवर तपकिरी ठिपके लवकर उमटतात; खानदेशची हवा वर्षाचे बरेच महिने कोरडी असल्याने येथे तेच भाग दीर्घकाळ उजळ राहतात. येथला खरा शत्रू धूळ आणि काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात तो मडगार्डखाली घट्ट बसतो, ओल धरून ठेवतो आणि रिमचा मुलामा आतून सोडवतो. यावर एक जुना, साधा आणि शोभिवंत उपाय आहे : हबभोवती अडकवलेले रंगीत गोंड्यांचे किंवा चामड्याच्या पट्टीचे सैल कडे. चाक फिरते, कडे जागच्या जागी लोळत राहते, आणि कोणी हात न लावता हब पुसला जातो. इतर भाग एरवी दुर्लक्षित राहिले, तरी खांडेनवमीला सायकल धुऊन, तेलपाणी करून, हँडलाला झेंडूची माळ घालण्याचा रिवाज आहे.

चकाकणारा भाग उन्हात थंड राहतो, ही मात्र समजूतच आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्यावर उभी केलेली सायकल धरू पाहणाऱ्याला क्रोमचे हँडल चांगलाच चटका देते. क्रोम उन्हातली बरीच उष्णता शोषतो आणि शोषलेली उष्णता फार सावकाश बाहेर टाकतो. पावसातला दोष याहून गंभीर आहे. ओल्या क्रोम रिमवर ब्रेकचे रबर नीट धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ते बरेच बरे धरते.

अ‍ॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने शर्यतीच्या सायकलींनी ते लवकर स्वीकारले. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने १९३३ मध्ये कॉटर पिनशिवाय बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक बाजारात आणला. त्याच वर्षी इटलीतील व्हिचेन्झा येथे तुल्लिओ काम्पान्योलो यांनी आपली कंपनी स्थापली, आणि तिची १९६७ ची नुओव्हो रेकॉर्ड ही मालिका पुढे रुपेरी भागांचा मानदंड ठरली. जपानच्या शिमानोने १९७३ मध्ये ड्युरा-एस ही मालिका आणली. असे भाग तापवून ठोकून घडवीत, मग कापडी चाकावर मसाला लावून टप्प्याटप्प्याने घासत आणि अनेकदा त्यावर संरक्षक ऑक्साइडचा पारदर्शक थर देत. घासण्याचे चाक खाचाकोपऱ्यांत शिरत नाही, म्हणून आकार गोलसर आणि कडा मऊ ठेवाव्या लागत. या भागांचा डौल असा निम्मा तरी कामाच्या सोयीतून आलेला आहे. पुढे कार्बन तंतूंचे भाग आले, ते मुळातच काळे. त्यांना शोभावेत म्हणून धातूचे भागही काळे होऊ लागले. काळ्या थराला चरा पडला की खालची पांढरी धातू उघडी पडते व तो भाग जुना दिसतो, तर झिलईच्या भागाला आत-बाहेर एकच रंग असल्याने तो पुन्हा उजळता येतो. दागिने उजळून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हा गुण वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

निगा राखताना धातू ओळखणे आवश्यक आहे. लोहचुंबक चिकटला तर मुलाम्याखाली पोलाद आहे, न चिकटल्यास बहुधा अ‍ॅल्युमिनियम. पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने लखलखतात, पण तो प्रयोग येथे करू नये. राख व रांगोळीचे कण दोन्ही धातूंवर बारीक चरे पाडतात. पापडखार किंवा धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो, ज्याचा अनुभव स्वयंपाकघरातल्या काळवंडलेल्या पातेल्यावरून येतो. क्रोमवरचे गंजाचे ठिपके अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाची बोळी पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासल्यास निघतात. मुलामा सोललेला असल्यास ते कोठून पुन्हा उगवतील हे ठरलेलेच असते. अ‍ॅल्युमिनियमची दांडी पोलादी सांगाड्यात ग्रीसविना बसवू नये. दोन धातूंमध्ये घाम आणि पाणी साचून ती इतकी घट्ट धरते, की शेवटी करवतीने कापावी लागते.

झिजलेला मुलामा नव्याने चढवणे शक्य असले तरी जुना थर उतरवण्यापासून सर्व काम करावे लागते, आणि या धंद्यात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम विषारी असल्याने सांडपाण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे अनेक जुन्या सायकली भंगारात वजनावर जातात. ज्या उरतात त्यांच्याबाबत जाणकारांत एक मतभेद कायम आहे. काहींना प्रत्येक भाग कारखान्यातून आल्यासारखा हवा असतो. इतरांच्या मते क्रँकच्या बाहेरच्या अंगावर वर्षानुवर्षे टाच घासून पडलेला निस्तेज पट्टा पुसूच नये, कारण ती सायकल चालवणाऱ्याचा पाय कसा पडत असे हे त्या पट्ट्यावरून सांगता येते.