किन्वा पुण्याच्या नाश्त्यात कसा आला, आणि तो धान्यात धरायचा का

किन्वा म्हणजे भातासारखं शिजवून खायचं एक बारीक बी. आधी नावाचं बघू, कारण पाकिटावर क्विनोआ असतं, दुकानदार किनोवा म्हणतो आणि जिममधली मुलं किन्वा. मूळ शब्द दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतला, तो किन्वाच्या जवळचा. स्पॅनिश लोकांनी तो त्यांच्या पद्धतीने लिहिला आणि आपण ते स्पेलिंग वाचून क्विनोआ केलं. मी किन्वाच लिहिते.

जुना इतिहास थोडक्यात. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे, त्या भागात हे हजारो वर्षं पिकतंय, इंका लोकांचं रोजचं अन्न. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्य आलं, गहू-बार्लीला मान मिळाला आणि किन्वा डोंगरातल्या गरिबांच्या चुलीवर राहिला.

आपल्याकडे हे नाव कानावर पडायला लागलं ते २०१३च्या पुढेमागे. ते साल जगभर किन्वा वर्ष म्हणून जाहीर झालं होतं, त्याआधीच अमेरिका-युरोपात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रोटीन) नसलेलं खाणं म्हणून मागणी इतकी वाढलेली की भाव कितीतरी पट चढले, मग पेरूने लागवड वाढवली, इतर देशांनीही पेरला आणि दोन-तीन वर्षांत भाव कोसळले. पुण्यात जमीन आधीच तयार होती, कारण पोह्या-उपम्याच्या जागी ओट्स खायची सवय घरोघर लागली होती, टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्यांत शुगर आणि प्रोटीन याच्याच गप्पा. सुरुवातीला मॉलमधलं इम्पोर्टेड पाकीट, तेही महाग. मग राजस्थान, आंध्रच्या कोरड्या पट्ट्यात पीक घेऊन बघितलं गेलं, आणि आता वाण्याकडेही मिळतो.

आता खरा गुंता. ब्रेकफास्ट सिरीयल म्हणून विकतात, पण सिरीयल म्हणजे धान्य, म्हणजे गवताच्या कुळातलं बी: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी. किन्वा गवत नाहीच. तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे, ज्याची ताक घालून पातळ भाजी करतो तोच चाकवत, आणि राजगिरा, पालक हेही त्याच कुळातले. राजगिरा उपवासाला चालतो, मग किन्वा का नाही, हा प्रश्न दर आषाढी एकादशीला निघतो आणि घरात दोन तट पडतात. आमच्याकडे सासूबाईंचं म्हणणं, पूर्वी कोणी खाल्लं नाही म्हणजे चालत नाही. मला त्यांचा मान आहे पण हे पटत नाही, कारण बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, हे सगळंच अमेरिका खंडातून आलंय, बटाटा तर किन्वाच्याच डोंगरातला. राजगिऱ्याचंही मूळ तिकडचंच. उलट वरीचे तांदूळ म्हणजे अस्सल गवताचं बी, खरं धान्य, आणि ते आपण उपवासाला बिनदिक्कत खातो. म्हणजे ही यादी वनस्पतीशास्त्रावर कधी ठरलीच नाही, जे रोजच्या ताटात भात-पोळी म्हणून बसलं ते बाद आणि बाकीचं चालतं, अशी ती बनत गेली. या हिशेबाने किन्वा राजगिऱ्याशेजारी बसायला हवा असं मला मनापासून वाटतं. ज्यांना नको त्यांनी खाऊ नये, पण ‘धान्य आहे म्हणून नको’ हे कारण देऊ नये.

२०२३ला गोंधळात अजून भर पडली. ते भरडधान्यांचं वर्ष, आपल्याच देशाने सुचवलेलं, आणि दुकानांत मिलेट्सची फळी लागली त्यात नाचणी, राळा, वरीबरोबर किन्वाही जाऊन बसला. तो मिलेट नाही. आणि तुलना करायची तर नीट करा: कॅल्शियम हवं असेल तर नाचणीत १०० ग्रॅमला ३००च्या वर मिलिग्रॅम, किन्वात ५०च्या आसपास. किन्वाची खरी ताकद प्रोटीनच्या जातीत आहे, लायसिन हा प्रोटीनमधला एक गरजेचा घटक गहू-तांदळात कमी पडतो, तो यात चांगला असतो. १०० ग्रॅमला १४ ग्रॅम प्रोटीन ही पाकिटावरची आकडेवारी कच्च्याची, शिजल्यावर पाणी पिऊन फुगतो आणि तेवढ्याच वजनात साडेचारच्या आसपास उरतं, हे कोणी सांगत नाही.

कडू लागतो म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. दाण्याच्या सालीवर सॅपोनिन असतं, रिठ्यात असतं तसंच, पाण्यात चोळलं की फेस येतो. अँडीजमधल्या बायका पिढ्यानपिढ्या घासून-धुऊन ते काढत आल्यात. आता बहुतेक पाकिटातला साफ केलेला असतो तरी बारीक चाळणीत फेस जाईपर्यंत धुवाच, मग एकाला दोन पाणी, झाकण ठेवून पंधरा मिनिटं, दाण्याभोवती पांढरी शेपटी सुटली की झाला. तिकडे तो सूपमध्ये नाहीतर लापशीसारखा खातात. पुण्यात त्याचा उपमा झालाय: मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, मटार, वरून लिंबू. गोड हवं तर दूध, गूळ, वेलची, खिरीसारखं, फक्त गूळ गॅस बंद करून घाला नाहीतर दूध फाटतं. आमच्याकडे सासूबाई ही खीर आवडीने खातात, एकादशी सोडून.