पक्षी-स्थलांतर पाहण्याचा हंगाम (खटाव-माण)

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव आणि माण या दुष्काळी तालुक्यांतील तलावांवर दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. ते पाहायला जाण्याचा हा काळ. मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी ही त्यातली परिचित ठिकाणे असून मायणीचा परिसर 2021 मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो त्या मार्गशीर्ष प्रतिपदेपासून होळीपर्यंतचा काळ ढोबळमानाने धरता येतो. मात्र नेमका दिवस तलावातले पाणी पाहूनच ठरवावा. नुसत्या कॅलेंडरवर विसंबून निघालेल्यांना अनेकदा ओका तलाव पाहून परतावे लागते.

मोसमी वाऱ्यांचा बहुतेक पाऊस महाबळेश्वर-पाटणकडच्या डोंगरांवर पडतो आणि माणदेश पर्जन्यछायेत राहतो. इथल्या तलावांची खरी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर असते. तो चांगला झाला की तलाव भरतात आणि पुढे पाणी ओसरू लागले की उथळ काठांवर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यातले किडे, अळ्या आणि शेवाळ यांवर पाणपक्षी जगतात. रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगो) तर असे उथळ पाणीच लागते. लांब मान खाली घालून तो चोच उलटी बुडवतो, पायांनी तळ ढवळतो आणि चोचीच्या कडांवरच्या जाळीतून गढूळ पाणी गाळून अन्न टिपतो. त्यामुळे तलाव तुडुंब असेल त्या वर्षी रोहित उशिरा येतात किंवा येतच नाहीत. अलीकडे उपसा सिंचन योजनांमधून कृष्णेचे पाणी या पट्ट्यात आले आहे. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या गावांना ते मिळायलाच हवे होते. पण ऐन हिवाळ्यात तलाव काठोकाठ भरलेला असला की पक्ष्यांचे वेळापत्रक बदलते, हे पाहायला येणाऱ्याने लक्षात घ्यावे. निघण्यापूर्वी गावातल्या मच्छीमाराला किंवा मेंढपाळाला फोन करून ‘काठ उघडा पडलाय का?’ एवढे विचारले, तरी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

पाहुणे एकाच वेळी येत नाहीत. ऑगस्टअखेरपासून तुतवार आणि धोबी दिसू लागतात. ऑक्टोबरपासून थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक येतात. तिबेट-मंगोलियाकडचा पट्टकादंब हिमालय ओलांडून साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात पोहोचतो. या हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हिमालयावरून उडताना त्याची 7 हजार मीटरांहून अधिक उंची नोंदली गेली आहे. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून येणारा कांड्या करकोचाही याच सुमारास येतो. सारा मेळा एकत्र पाहायचा तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, फक्त रोहितांसाठी जायचे तर त्यापुढचा, पाणी आटत गेल्यावरचा.

दिवसातली वेळही महत्त्वाची असते. करकोचे सकाळी हरभऱ्याच्या आणि काढणी झालेल्या शेतांत चरतात आणि उन्हे चढली की पाण्यावर येतात. म्हणून पहाटे तलावावर जाऊन आठ वाजता निराश होणे बरोबर नाही, दुपारपर्यंत थांबावे. पट्टकादंबांचे उलटे असते. ते दिवसा काठावर विसावतात आणि तिन्हीसांजेला थव्याने शिवारात उतरतात. सकाळी पूर्वेच्या काठावर बसले की सूर्य पाठीशी राहतो आणि रंग नीट दिसतात. थव्याच्या दिशेने चालत जाणे किंवा ड्रोन उडवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. प्रत्येक उड्डाणात परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते.

गावकऱ्यांना सर्वांत जवळचा पाहुणा म्हणजे भोरडी. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी मैना शाळूच्या कणसांवर शेकड्यांनी तुटून पडतात आणि त्यांना हाकलण्यासाठी मचाणावरून गोफण फिरते. त्याच भोरड्या टोळ आणि अळ्याही फस्त करतात. मार्चमध्ये बदके परतू लागली तरी त्या पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर मधासाठी थांबतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात.

पावसाळ्याच्या तोंडावर मात्र उलट दिशेचा प्रवासी येतो. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. जूनमध्ये त्याला शोधताना तलाव सोडून बाभळी-बोरींच्या माळावर सातभाईंच्या थव्यामागे राहावे.