ऑनलाइन छळ : एवढं का दुखतं, आणि ते दुखणं कमी कशाने होतं

किपलिंग विल्यम्स हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. कुठूनशी एक फ्रिस्बी त्यांच्यापाशी आली. त्यांनी ती उचलून समोर खेळणाऱ्या दोन अनोळखी तरुणांकडे फेकली. त्या दोघांनी ती पुन्हा विल्यम्स यांच्याकडे टाकली आणि थोडा वेळ तिघांचा खेळ चांगला जमला. मग काही न बोलता ते दोघं पुन्हा आपापसातच खेळू लागले. विल्यम्स यांच्याकडे फ्रिस्बी आलीच नाही. जे लोक पुन्हा कधी भेटणारही नव्हते, त्यांनी वगळल्याचं आपल्याला इतकं लागावं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

याच प्रसंगातून पुढे ‘सायबरबॉल’ नावाचा प्रयोग उभा राहिला. संगणकाच्या पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यातला एक म्हणजे प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती. उरलेले दोघे संगणकाचा प्रोग्रॅम चालवतो, पण ती खरी माणसं आहेत असं तिला सांगितलेलं असतं. सुरुवातीला चेंडू तिच्याकडे येतो, नंतर यायचा थांबतो. बास, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, पैशांचं नुकसान नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 62 देशांतले 1,486 लोक इंटरनेटवरून हा खेळ खेळले. ज्यांना जास्त वगळलं गेलं त्यांना जास्त वाईट वाटलं, आपण कुणाचेच नाही असं वाटण्याची भावनाही त्यांच्यात वाढली. 2004 साली याच मालिकेतल्या एका अभ्यासात काही जणांना आधीच खरं सांगितलं होतं, की समोर माणसं नाहीत, फक्त संगणक आहे. तरीही वगळलं गेल्यावर त्यांचं मन खट्टू झालंच.

‘पडद्यावरचं काय मनाला लावून घ्यायचं’ असं मुलांना सांगणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष एकदा नीट वाचावा, असं मला मनापासून वाटतं. मनाला लावून घ्यायचं की नाही, हे ठरवायची संधी मिळण्याआधीच लागलेलं असतं.

2003 साली नओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी हाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना खेळायला दिला. वगळलं जात असताना मेंदूच्या मधल्या भागातलं अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स अधिक सक्रिय झालेलं दिसलं. शारीरिक वेदनेचा त्रास जाणवण्याशीही या भागाचा संबंध आहे. त्यावरून ‘मेंदूसाठी मनाचं आणि शरीराचं दुखणं एकच’ असं सर्रास लिहिलं जाऊ लागलं. ते जरा ताणलेलं विधान आहे. 2014 साली अधिक बारकाईने केलेल्या विश्लेषणात दोन्ही वेदनांचे मेंदूतले नमुने वेगळे ओळखता येतात असं दिसलं. पण नकाराने होणारा त्रास काल्पनिक आहे, असं या वादातल्या कुठल्याच बाजूचं म्हणणं नाही.

किशोरवयात हा त्रास आणखी टोचतो. लंडनमधल्या संशोधकांनी 2010 साली सायबरबॉल वापरून किशोरवयीन मुलींची तुलना प्रौढ स्त्रियांशी केली, तेव्हा वगळलं गेल्यावर मुलींचा मूड जास्त घसरलेला आढळला. यात मुलांचा दुबळेपणा नाही. या वयात आईवडिलांपेक्षा बरोबरीच्या मुलामुलींमध्ये आपली जागा कोणती, हा प्रश्न मेंदूसाठी सर्वांत महत्त्वाचा झालेला असतो. भावना आवरण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. म्हणून रात्री 11 वाजता मित्रांच्या ग्रुपमधून कुणी काढून टाकलं, तर चौदा वर्षांच्या मुलीसाठी ती किरकोळ गोष्ट नसते.

छळ म्हणजे काय, याची एक जुनी आणि अजूनही उपयोगी चौकट डॅन ओल्व्यूस यांनी दिली. नॉर्वेत 1980च्या दशकात त्यांनी शाळांमधल्या दादागिरीवर मोठं काम केलं. त्यांच्या मते तीन गोष्टी लागतात: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंच्या ताकदीतला फरक. इंटरनेटवर या तिन्हींचं रूप बदलतं. एकाने एकदाच टाकलेला फोटो शंभर जण पुढे पाठवतात, म्हणजे कृती एक पण मार शंभरदा. ताकद दंडात असायची गरज उरत नाही. फेक अकाउंट, मोठा फॉलोअर वर्ग किंवा दुसऱ्याचा एखादा खासगी स्क्रीनशॉट हाताशी असणं, हीच ताकद. आणि हेतू? ‘आम्ही गंमत करत होतो’ हे उत्तर ठरलेलं असतं. समोरासमोर असताना दुसऱ्याचा चेहरा पडला, डोळे भरले, की बहुतेकांचा आवाज आपोआप खाली येतो. पडद्यावर तो चेहराच दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली ऑनलाइन सैल सुटण्याच्या या वृत्तीची कारणं मांडली. आपली ओळख लपलेली असणं, आपण दिसत नसणं आणि उत्तर लगेच झेलावं न लागणं, ही त्यांतली मुख्य.

शाळेतला छळ निदान घरी आल्यावर थांबत असे. हा मात्र उशाशी झोपतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2024 साली 44 देश आणि प्रदेशांमधल्या 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण सहातल्या एकाने आपला ऑनलाइन छळ झाल्याचं सांगितलं. आणि छळणारा बहुतेक वेळा कुणी दूरचा अनोळखी माणूस नसतो. अमेरिकेत याना युव्होनेन आणि एलिशेवा ग्रॉस यांनी 2008 साली 12 ते 17 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कोण करतंय याचा आपल्याला चांगलाच अंदाज आहे, असं छळ झालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं होतं. वर्गातलंच कुणी, कालपर्यंतची मैत्रीण, आधीचा जोडीदार.

याच अभ्यासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. सुमारे 90 टक्के मुलांनी घडलेलं कुठल्याही मोठ्या माणसाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? जवळपास निम्म्यांना वाटत होतं, की हे आपलं आपणच निस्तरायला शिकलं पाहिजे. आणि जवळपास एक तृतीयांश मुलांना भीती होती, की सांगितलं तर घरचे इंटरनेट बंद करतील.

ही भीती अगदी रास्त आहे. मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया खरोखरच ‘आण तो फोन इकडे’ अशी असते. हेतू रक्षणाचा असतो, पण मुलाला कळतं ते एवढंच की चूक दुसऱ्याची आणि शिक्षा मला. शिवाय त्याच फोनमध्ये त्याची बाजू घेणारे दोन-तीन मित्रही असतात, त्यांच्यापासूनही ते तुटतं. वगळलं जाण्याच्या दुखण्यावर आणखी वगळणं हा उपाय होऊ शकत नाही. माझी आईवडिलांना कळकळीची विनंती आहे, की हा प्रसंग येण्याच्या आधीच, सगळं सुरळीत असताना मुलाला शब्द द्या: ‘असं काही झालं आणि तू मला सांगितलंस, तर मी फोन काढून घेणार नाही. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू.’ आणि तो शब्द पाळा. प्रसंग आलाच, तर आधी पूर्ण ऐका. ‘तू मुळात तो फोटो पाठवलासच कशाला’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका.

सांगण्याने नेमकं काय होतं? मन हलकं होतं, असं आपण म्हणतो. जवळचं कुणी सोबत असण्याने काय फरक पडतो, ते मोजूनही पाहिलेलं आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात 10 ते 12 वर्षांच्या मुलांनी दिवसातून अनेकदा आपले अनुभव नोंदवले आणि लाळेचे नमुने दिले. त्यातून कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी तपासली गेली. वाईट प्रसंगाच्या वेळी जिवलग मित्र जवळ नसेल, तर प्रसंग जितका वाईट तितकं कॉर्टिसोल चढायचं आणि स्वतःबद्दलचं मत घसरायचं. मित्र जवळ असेल तेव्हा हा परिणाम खूपच सौम्य होता. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला मित्र काही शूरपणा करत नव्हता, तो फक्त सोबत होता.

दुसरा धागा शब्दांचा. लीबरमन यांच्याच गटाने 2007 साली दाखवलं, की भावनेला नाव दिलं, म्हणजे नुसतं ‘राग’, ‘भीती’ असं ओळखून म्हटलं, तरी अमिग्डला या भागाची सक्रियता कमी होते. धोक्याची चाहूल लागताच सक्रिय होणारा हा मेंदूचा भाग. म्हणून सांगायला लगेच कुणी सापडत नसेल, तर निदान वहीत लिहा: काय घडलं, कुणी केलं, मला काय वाटलं. हीच वही पुढे तक्रारीच्या वेळीही कामी येते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिली गोष्ट, रागाच्या भरात उत्तर देऊ नका. छळणाऱ्याला तेच हवं असतं, आणि तुमचं उत्तर कापून तुमच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. दुसरी, ब्लॉक करण्याच्या आधी पुरावा जपा, कारण ब्लॉक केल्यावर काही ठिकाणी मजकूर दिसेनासा होतो. स्क्रीनशॉटमध्ये अकाउंटचं नाव, तारीख, वेळ यायला हवी. मग रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. धमकी, पैशांची मागणी किंवा खासगी फोटोचा वापर असेल, तर तो गुन्ह्याचा मामला आहे. विश्वासातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पोलिसांकडे जा. पैसे देऊ नका, दिल्यावर मागणी थांबत नाही.

खासगी फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे मुलं सर्वांत जास्त घाबरतात आणि मदत मात्र आहे. अठरा वर्षांखालच्या कुणाचा नग्न फोटो असेल, तर पुरावा म्हणूनही त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, कुणाला पाठवू नका. अनेक देशांत तो जवळ बाळगणंही गुन्हा ठरतं. अकाउंटचं नाव, लिंक आणि वेळ लिहून ठेवणं पुरेसं आहे. अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा 2023 पासून आहे. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एक अमेरिकन संस्था ती चालवते आणि इतर देशांतल्या मुलांनाही ती वापरता येते. तुमचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, ज्याला हॅश म्हणतात. हॅशवरून फोटो परत तयार करता येत नाही. सहभागी कंपन्या हा हॅश आपल्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळला तर फोटो काढू शकतात. नाव सांगावं लागत नाही. अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा याच तत्त्वावर चालते. मर्यादा एवढीच, की या योजनेत नसलेल्या ठिकाणी आणि एन्क्रिप्टेड खासगी चॅटमध्ये, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही अशा चॅटमध्ये, ही युक्ती चालत नाही.

हे सगळं करूनही काही मुलांची झोप परत येत नाही. जेवण सुटतं, शाळा नकोशी होते, फोन वाजला की अंग दचकतं. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जायला हवं. 2018 सालच्या एका मोठ्या आढाव्यात ऑनलाइन छळ सोसलेल्या तरुणांमध्ये स्वतःला इजा करण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त आढळली. याचा अर्थ छळ झालेला प्रत्येक जण त्या टोकाला जातो असा मुळीच नाही. पण जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, असा विचार आला तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला उठवा, हेल्पलाइनला फोन करा, एकटे राहू नका. आणि मोठ्यांनी थेट विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. पहिल्या मोठ्या माणसाने झटकून टाकलं, तर दुसऱ्याला सांगा, मग तिसऱ्याला. एकाने ऐकलं नाही म्हणून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही.

राहिले बघणारे. ग्रुपमध्ये पन्नास जण असतात, छळणारे दोन-तीन, बाकीचे गप्प. ती शांतता छळ होणाऱ्याला संमतीसारखी ऐकू येते. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणांतून 2001 साली एक गोष्ट पुढे आली: बरोबरीच्या मुलांनी मध्ये पडून अडवलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, दादागिरी 10 सेकंदांत थांबली. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘कीवा’ हा शालेय कार्यक्रम बघ्यांवरच भर देतो, त्यांना गप्प न राहायला शिकवतो. ऑनलाइन ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर बोलण्याची भीती वाटणं साहजिक आहे, पुढचा नंबर आपला लागेल असं वाटतं. मग उघड बोलू नका, पण तो फोटो पुढे पाठवू नका, हसणारा इमोजी टाकू नका. ज्याच्याबद्दल ते चाललंय त्याला वेगळा मेसेज करा: ‘मी वाचलं. हे चुकीचं आहे. बोलायचं असेल तर मी आहे.’ आणि पोस्ट रिपोर्ट करा. रिपोर्ट कुणी केला, हे समोरच्याला सहसा सांगितलं जात नाही.