अंगणातल्या सांगाड्याचे वेळापत्रक

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये मुले भुताखेतांचे वेश करून दारोदार चॉकलेटे मागत फिरतात आणि काही हौशी घरमालक त्यांच्या स्वागतासाठी अंगणात शवपेटीतून उठणारे सांगाडे, मान फिरवणाऱ्या चेटकिणी आणि आतून दार ठोठावणारे हात मांडून ठेवतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हॅलोविन आता परका राहिलेला नाही. अशा हलत्या वस्तूंना तिथे प्रॉप म्हणतात. त्या दुकानात तयार मिळतात. तरीही गाडीच्या वायपरची जुनी मोटर, हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर आणि लाकडी पट्ट्या जमवून त्या घरीच बांधणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी बरेच जण त्या चालवणारा नियंत्रकही स्वतःच तयार करतात.

आपल्याकडच्या गणेशोत्सवातला हलता देखावा ध्वनिमुद्रित निवेदनाबरोबर ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा चालतो आणि प्रेक्षक त्याच्यासाठी थांबतो. हॅलोविनच्या प्रॉपचे नेमके उलट असते. तो प्रेक्षकाची वाट पाहतो. त्यामुळे त्याच्या नियंत्रकाला माणूस आल्याचे ओळखणे, मग योग्य क्षणापर्यंत थांबणे, आणि शेवटी प्रकाश, आवाज व हालचाल यांचा मेळ घालणे अशी तीन कामे करावी लागतात. तिन्हींमध्ये थांबण्याचे काम सर्वांत अवघड, आणि घरगुती नियंत्रकांत दुर्लक्षही त्याच्याकडेच होते.

उदाहरण म्हणून शवपेटीतला सांगाडा घेऊ. माणूस ओळखण्यासाठी बहुधा पीआयआर हा स्वस्त संवेदक वापरतात. माणसाच्या शरीरातून साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असणारे अवरक्त किरण बाहेर पडतात आणि संवेदकातल्या विशिष्ट स्फटिकावर ते पडले की त्यावर सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो. असे दोन स्फटिक एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असल्यामुळे सगळ्या परिसराचे तापमान सावकाश बदलले तर दोघांचे परिणाम परस्परांना छेद देतात. चालणारे शरीर मात्र आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात येते, म्हणून तेवढेच नोंदवले जाते. ऑक्टोबर अखेरच्या थंड रात्री पार्श्वभूमी आणि शरीर यांच्या तापमानांतला फरक मोठा असतो, ही गोष्ट या संवेदकाच्या पथ्यावर पडते.

अडचण येते ती तारेत. एचसी-एसआर ५०१ या लोकप्रिय संवेदकाचा संकेत ३.३ व्होल्टचा असतो, तर आर्डुइनो उनो या तयार इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, ५ व्होल्टवर चालताना ३ व्होल्टच्या वरचाच संकेत खात्रीने ‘आहे’ असा वाचतो. म्हणजे हाताशी उरतात अवघे ०.३ व्होल्ट. टेबलावर एवढे पुरते. पण अंगणातून दहा मीटर तार ओढली, तिच्या शेजारून मोटरची तार गेली, की सांगाडा कोणी नसतानाही उठू लागतो. यावर चांगला उपाय म्हणजे संवेदकापाशीच एक छोटा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेने चालणारा खटका, बसवून त्याच्याकरवी लांब तार जमिनीला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडायची आणि नियंत्रकाच्या बाजूला ती एका रोधकाने ५ व्होल्टकडे ओढून ठेवायची. यात संकेत उलटा होतो, हे प्रोग्रॅम लिहिताना लक्षात ठेवावे लागते. पण तार तुटली तर नियंत्रक ‘कोणी नाही’ असेच समजतो.

दुसऱ्या टोकाला ताकदीचा प्रश्न आहे. २० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला ४ बार दाबाची हवा दिली, तर त्याचा दट्ट्या सुमारे १२ किलो वजन उचलण्याइतका जोर लावतो. सांगाड्याला झटक्यात बसते करायला तो भरपूर आहे. ही हवा सोडणारी विद्युत झडप १२ व्होल्टवर ४.८ वॉट घेणारी असेल, तर तिच्यातून ४०० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेकडून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह मागू नये असा दंडक आहे, म्हणजे इथे वीसपट तफावत झाली. अनेक जण आठ ट्रान्झिस्टर एकत्र असलेली यूएलएन २८०३ ही चिप मध्ये बसवतात. तिची एक वाहिनी ५०० मिलिअँपिअर पेलते हे खरे, पण एवढ्या प्रवाहाला तिच्यातच एक व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि सगळ्या वाहिन्या एकदम चालू केल्या तर ती चटका बसेल इतकी तापते. म्हणून दिव्यांसाठी ती वापरावी आणि झडपांसाठी ५ व्होल्टला पूर्ण उघडणारे मॉसफेट (मोठा प्रवाह पेलणारे ट्रान्झिस्टर) घ्यावेत, असे माझे मत आहे. झडपेच्या वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तोडला की ते वेटोळे स्वतःच शेकडो व्होल्टचा उलटा झटका देऊ शकते. तो जिरवण्यासाठी वेटोळ्याच्या दोन टोकांवर उलट्या दिशेने एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावावाच लागतो.

आता वेळेकडे वळू. आठ वाहिन्यांचा, म्हणजे आठ वस्तू स्वतंत्रपणे चालू-बंद करणारा, नियंत्रक असेल, तर एखाद्या क्षणी कोणती वाहिनी चालू आहे आणि कोणती बंद, ही सगळी माहिती आठ बिटांत म्हणजे एका बाइटमध्ये मावते. दर ५० मिलिसेकंदांनी असा एक बाइट नोंदवला, तर एका सेकंदाला वीस बाइट लागतात. एटीमेगा ३२८पी मध्ये वीज गेली तरी टिकणारी १,०२४ बाइटांची ईईप्रॉम स्मृती असते, आणि तिच्यात अशा रीतीने ५१ सेकंदांचा खेळ साठवता येतो. अंगणातल्या प्रॉपला याहून मोठ्या खेळाची गरज नसते. ५० मिलिसेकंदांचे अंतर अचूक राखणेही सोपे आहे: १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ६४ ने भागले की सेकंदाला २,५०,००० ठोके मिळतात, आणि चिपमधल्या १६ बिटांच्या मोजणीयंत्राने १२,५०० ठोके मोजले की एक घर पुढे, म्हणजे पुढच्या बाइटवर, सरकायचे.

या रचनेचा खरा फायदा असा की खेळ प्रोग्रॅममध्ये आकडे लिहून ठरवावा लागत नाही. आठ बटणे जोडायची, ‘नोंदव’ हे बटण दाबायचे आणि सांगाड्याकडे पाहत, आवाज ऐकत, हार्मोनियमच्या पट्ट्या दाबाव्यात तशी ती बटणे वाजवायची. बटणाच्या धातूचे पट्टे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक दाब भासतात. इथे दर ५० मिलिसेकंदांनी एकदाच पाहत असल्यामुळे तो दोषही आपोआप टळतो. नोंद आधी तात्पुरत्या स्मृतीत घ्यावी, चालवून पाहावी आणि पसंत पडली तरच ईईप्रॉममध्ये उतरवावी.

एक मर्यादा मात्र माणसाच्या बाजूने येते. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे पाहून दाबलेले प्रत्येक बटण सुमारे चार घरे उशिरा नोंदवले जाते. शिवाय झडप उघडल्यावर नळीत आणि सिलिंडरमध्ये हवा भरायलाही थोडा वेळ लागतो. उलट, मोठ्या आवाजाने दचकणाऱ्या माणसाची पापणी ५० मिलिसेकंदांच्या आतच हलू लागते, त्यामुळे किंकाळी आधी आणि सांगाडा नंतर असे झाले तर दचकणे आवाजावरच खर्च होऊन सांगाडा नुसता पाहिला जातो. म्हणून एकच वाहिनी एकेक घर पुढे-मागे सरकवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवावी. ती लिहायला दहा-पंधरा ओळी पुरतात, आणि महागड्या आवाजयंत्रणेपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

संवेदकाने खूण करताच सांगाडा उठवू नये. तेव्हा मूल अजून दूर असते. आधी शवपेटीच्या झाकणाची हलकी करकर आणि आतला मंद प्रकाश एवढेच दीड-दोन सेकंद चालू द्यावे. मूल काय आहे ते पाहायला एक पाऊल पुढे टाकते, आणि झडप उघडायची ती तेव्हा. खेळ संपल्यावर दहाएक सेकंद संवेदकाकडे दुर्लक्ष करावे, कारण तापलेले दिवे आणि हलणारी हवा यांमुळे तो स्वतःच्याच खेळाने पुन्हा जागा होतो. वीज जोडल्यानंतरचे पहिले एक मिनिटही सोडून द्यावे. तेवढ्यात संवेदक स्थिरावतो.

सुरक्षिततेचे काम प्रोग्रॅमवर सोपवू नये. आपत्कालीन लाल बटण मायक्रोकंट्रोलरला निरोप देणारे नसावे, तर झडपांचा १२ व्होल्टचा पुरवठाच तोडणारे असावे, आणि वीज जाताच स्प्रिंगने मूळ जागी येऊन सांगाड्याला खाली बसवणारी झडपच निवडावी. मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याच्या पिना काही क्षण अधांतरी असतात, म्हणून प्रत्येक मॉसफेटच्या गेटपासून (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकापासून) जमिनीकडे १० किलोओहमचा रोधक लावायचा. उनोची १३ क्रमांकाची पिन झडपेला कधीही जोडू नये. पाटी सुरू होताना तिच्यावरचा दिवा आपोआप लुकलुकतो, आणि त्याच्याबरोबर सांगाडाही उठेल. हवेसाठी पीव्हीसीचे पाइपही वापरू नयेत, कारण दाबाखाली ते फुटले की त्यांच्या धारदार चिपा उडतात.

३५ सेकंदांच्या मुख्य खेळाला ७०० बाइट दिले, तर १५ सेकंदांच्या दुसऱ्या खेळासाठी ३०० बाइट मिळतात आणि लांबीच्या नोंदींसाठी २४ उरतात. या दुसऱ्या खेळात झडपेची वाहिनी कोरी ठेवून फक्त दिवा आणि करकर ठेवावी, आणि दोन खेळांमधून निवड करणारा खटका दारापाशी, चॉकलेटांच्या टोपलीजवळ बसवावा. तीन-चार वर्षांचे मूल फाटकातून आत येताना दिसले की घरातल्या कोणीही तो खाली करू शकतो.